बिनमटणाची हळद

आमच्या विचुंबे गावात आजही कुणाच्या कार्यात भात करपला किंवा रश्श्यात पाणी जास्त झालं, की यजमान एका वाक्यात स्वतःची लाज झाकतो. "कायपन असू दे, त्यांच्या हळदीएवढा तरी वाईट नाय." ते म्हणजे आम्ही. हळद माझ्या काकांची होती आणि तिचा विचका झाला तो माझ्या लिव्हरमुळे. तेव्हा मी चौथीत होते. हातपाय काटक्या, डोळे पिवळे आणि पोट असं फुगलेलं, की बसमध्ये एका आजीबाईंनी मला दयेने जागा दिली आणि मग माझं दप्तर बघून ती परत घेऊ की नको अशा घोळात उभ्या राहिल्या.

जन्मतःच माझ्या लिव्हरमधून पित्त बाहेर न्यायची नळी बुजलेली होती. बाळ पिवळं दिसलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल. आईने मला पापडासारखं उन्हात घातलं. मी गेले नाही आणि कावीळही गेली नाही. माझी शी खडूसारखी पांढरी होते हे आईच्या लक्षात आलं आणि ते तिने ज्याला-त्याला सांगितलं, पाहुण्यांना जेवतानासुद्धा. शेवटी एका डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. मग ऑपरेशन करून माझ्याच आतड्याचा तुकडा लिव्हरला जोडला. बाबा रेती-विटांचा धंदा करतात, त्यांना ते लगेच कळलं. "बायपास लाइन टाकली," ते सगळ्यांना सांगायचे. लाइन चालली, पण टाकीच गंजत होती. लिव्हर दरवर्षी आणखी कडक होत गेलं.

या आजाराची एक गंमत आहे. लिव्हर बिघडतं आणि त्रास बाकी सगळं शरीर देतं. मला अंगभर खाज सुटायची, म्हणून मी हातात मोजे घालून झोपायचे. पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, सुजली होती आणि पोटाला मार लागता कामा नये असं डॉक्टरांनी शाळेला कळवलं होतं. त्यामुळे लंगडीत मला बाद करायची कुणाची छाती नव्हती. वर्गातली सगळ्यात मरतुकडी पोरगी मी आणि शेवटपर्यंत मैदानात मीच. पुढे पोटात पाणी साठायला लागलं आणि मीठ बंद झालं. आमचे आजोबा जन्मभर मिठागरात राबले होते. नातीला मीठ बंद केल्याचं ऐकून त्यांना वाटलं, डॉक्टरांनी आपल्या खानदानावरच राग काढला.

मग पोटाच्या डॉक्टरबाईंनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं, की आता हे लिव्हर फार दिवस ओढणार नाही. नवं बसवावं लागेल. घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं राहिलेलं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. आईचा रक्तगट जुळला नाही. काका धावत गेले, त्यांचाही नाही. बाबांचा जुळला. बाबा इतके खूश झाले, जणू काही कोर्टातली जमिनीची केस जिंकले होते. मग त्यांची सोनोग्राफी झाली.

"तुमच्या लिव्हरवर चरबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरीच आहे."

बाबांना तो अपमान वाटला. "डॉक्टर, मना आजपर्यंत कदी तापपन आला नाय."

"ताप येत नाही तिने. पण असला तुकडा मुलीला चालणार नाही आणि कापताना तुमच्याही जिवाला धोका. वजन उतरवा. दारू बंद, मटण बंद, तेलकट बंद. चरबी उतरली की आपण करू." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण लवकर उतरवा."

एवढाच सगळा मामला होता. माझं लिव्हर संपायच्या आत बाबांचं साफ व्हायला हवं होतं. सांगायला सोपं. पण दिवस होते हळदींचे.

आमच्या आगरी लोकांत लग्न भटजीचं असतं आणि हळद गावाची. लग्नाला नाही गेलात तर कुणी विचारत नाही. हळदीला नाही गेलात तर पुढच्या पिढीलाही त्याचा जाब द्यावा लागतो. मांडव पडतो, डीजे लागतो, बोकड कापतात, आणि जेवणाच्या आधी ताजी कलेजी परतून घरच्या कर्त्या माणसांपुढे येते, सोबत ग्लास. बाबांना त्या भागात कर्ता माणूस नाही असं म्हणणारा अजून जन्मला नव्हता. खारघरच्या कडेच्या ओवे गावापासून ते पार पाताळगंगेच्या काठच्या आपटे गावापर्यंत, त्यांना न बोलावता हळद लागली असं क्वचितच झालं असेल. त्यांच्या लिव्हरवरची चरबी म्हणजे त्या सगळ्या मांडवांनी केलेला मानसन्मान होता.

तरी बाबांनी मनावर घेतलं. दारू सोडली. मटण सोडलं. आणि इथे आमच्या माणसांनी एक घोळ घातला, जो जगात दुसऱ्या कुणी घातला नसता. गावात बातमी पसरली, पोरीचं लिव्हर गेलं, बापाचं पण कमजोर निघालं. ज्याचं हाड मोडतं त्याला आम्ही पायाचं सूप पाजतो. मग ज्याचं लिव्हर कमजोर त्याने काय खावं, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? घराघरातून कलेजी यायला लागली. कुणाकडे हळद असली की पहिली वाटी आमच्याकडे. खाटकाकडे रोज काकी-मावश्या आमच्या नावाने कलेजी बाजूला ठेवायला सांगत. आई ती तेलात, खोबऱ्याच्या वाटणात, छान कोरडी परतायची. बाबा तांदळाच्या भाकरीसोबत डोळे मिटून, औषध म्हणून खायचे. औषधाचा इतका मनापासून घेतलेला डोस मी पुन्हा पाहिला नाही. मलासुद्धा दोन तुकडे मिळायचे, बिनमिठाचे. चवीला ते पेन्सिलच्या रबरासारखे लागायचे. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण रबर मी खाल्लं होतं.

पुढची सोनोग्राफी झाली. चरबी होती तशीच. डॉक्टरबाईंना कळेना.

"नक्की काय काय खाता?"

"काय नाय डॉक्टर. दारू बंद. मटण बंद. भात एकाच टायमाला. फक्त औषधापुरती कलेजी."

"औषधापुरती म्हणजे?"

"सकाळ-संध्याकाळ."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तळून?"

"मग काय कच्ची?"

त्या हसल्या नाहीत. मी हसले, कारण त्या खोलीत दुसरं कुणीच हसायला तयार नव्हतं. आई मात्र उठून बाहेर गेली. इतके दिवस ती आपल्या हाताने माझं नवं लिव्हर बिघडवत होती, असं तिच्या डोक्यात बसलं. ते पुढे कितीतरी दिवस निघालं नाही. कलेजी आणणाऱ्यांना तिने सांगितलं तेव्हा एक मावशी रडतच घरी गेली. गावाने आम्हाला जीव लावला होता, फक्त तो तळून लावला होता.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी मी ओटीवर बसून पाढे पाठ करत होते. एकदम मळमळलं आणि मी वहीवर उलटी केली. लालभडक. मला आधी वाटलं कोकम सरबत असेल. मग आठवलं, मी सरबत प्यायलेच नव्हते. आईचा चेहरा बघून मी पहिल्यांदा घाबरले. तोवर माझ्या आजाराला मी एक कटकट समजत होते, शाळेसारखी. त्या दुपारी मला कळलं, की याने माणूस मरतो आणि तो माणूस मी असू शकते.

कडक झालेल्या लिव्हरमधून रक्ताला वाट मिळत नाही, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि कधीतरी फुटतात. मुंबईच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून त्या शिरांना रबराची कडी बसवली. शेजारच्या खाटेवर उरणकडची एक कोळ्याची मुलगी होती, माझ्याच वयाची, माझ्याच आजाराची. ती माझ्यापेक्षा आगाऊ होती. नर्सना ती त्यांच्या तोंडावर टोपणनावं ठेवायची. तिचा बाप सुक्या बोंबलासारखा सडपातळ, लिव्हर एकदम स्वच्छ, सगळ्या तपासण्या पास. तिचं ऑपरेशन ठरलेलं होतं. बाबा तिच्या बापाकडे असे बघायचे, जशी नापास पोरं पहिल्या नंबरकडे बघतात. मग तिच्या पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला. एका सकाळी मला दुसऱ्या वॉर्डात हलवलं आणि परत आणलं तेव्हा तिच्या खाटेवर नवी चादर होती.

तिचं सगळं बरोबर होतं. बाप बारीक, गट जुळलेला, तारीख ठरलेली. ती गेली आणि मी, जिच्या बापाने कलेजी खाण्यात दिवस घालवले, ती राहिले. यात काही न्याय आहे असं मला कुणी समजावू नये. मी अजूनही चिडते.

बाबा त्या दिवसापासून चालायला लागले. रोज पहाटे गाढी नदीच्या पुलापर्यंत आणि परत. जो माणूस समोरच्या टपरीवर जायला बुलेट काढायचा, तो घामाने निथळत गावातून जायचा आणि कुत्री त्याच्यावर भुंकायची, कारण त्यांनी त्याला पायी कधी पाहिलंच नव्हतं. पँट सैल झाली. गालफडं आत गेली. उकडलेली भाजी खाताना ते आईकडे असं बघायचे, की आई पाठ फिरवून बसायची.

पण बाबांचा एक दोष होता. त्यांना समोरच्याला नाही म्हणता यायचं नाही. गावातल्याच एका हळदीला ते "नुसता उभा राहून येतो" असं म्हणून गेले आणि काकांना मांडवाच्या मागे सापडले, हातात कलेजीची ताटली. काकांनी ती ताटली घेतली आणि बाजूच्या कुत्र्यापुढे ठेवली. बाबा म्हणाले, "यजमानाने जबरदस्ती केली रं." खरंच केली असेल. आमच्यात जबरदस्ती हीच आवड दाखवायची पद्धत आहे.

काकांचं लग्न तोंडावर आलं होतं आणि बाबांची पुढची तपासणी त्याच्यानंतर लगेच होती. काका घरात सगळ्यात शौकीन. स्वतःच्या हळदीची स्वप्नं ते मिसरूड फुटल्यापासून बघत होते. डीजे कोणता, बोकड कुठून, दाराशी कमान कशी, सगळं ठरलेलं. आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "माज्या हळदीला मटान नाय."

आईने बशी खाली ठेवली. बाबा हसले. मग त्यांना कळलं, की हा मस्करी करत नाही.

"येडा झालास काय? गाव तोंडात शेण घालंल माज्या!"

"घालू दे."

"मी मोठा भाव हाय तुजा. माज्या दारात हळद आनि बोकड नाय? माजा नाक कापतंस तू!"

"दादूस," काका म्हणाले, "पहिली ताटली तुज्यापुढं येनार. सगला गाव बगत असनार. तू नाय बोलशील? मना सांग, बोलशील?"

बाबांनी कपातला थंड चहा एका घोटात संपवला.

"मी तुला वलखतो. म्हनून बोकडच नको."

बाबा त्यांच्याशी तीन-चार दिवस बोलले नाहीत. मला वाटतं, राग मटणाचा नव्हता. धाकट्या भावाने आपल्याला इतकं नीट ओळखावं याचा होता. काकांच्या सासुरवाडीलाही निरोप पाठवावा लागला. तिकडून उलट निरोप आला, मुलाला काही बाधा वगैरे झाली आहे का, आमच्याकडे चांगला भगत आहे. होणाऱ्या काकीने मात्र फोनवर काकांना एवढंच विचारलं, की वालाची भाजी तरी चांगली करणार ना? मी तिथेच तिला पसंत केलं.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. काका पाटावर बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. खानदानात त्या दिवशी माझा रंग पहिल्यांदाच सगळ्यांशी जुळला, म्हणून मी हसत सुटले होते. डीजे दणक्यात होता, नाच जोरात होता. पण लोक नाचताना नाक वर करून वास घेत होते. पंगत बसली. पानात आलं वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, डाळ, भात, आणि जिलेबी. माणसं पानाकडे बघत राहिली. मग वाढप्यांकडे बघत राहिली, की मागून काहीतरी येईल. मागून पापड आला.

एक लांबचे नातेवाईक, मोठे मानाचे गृहस्थ, हात न लावता बसून होते. त्यांना वाटलं डीजेच्या आवाजात ऐकू जाणार नाही. पण नेमकं तेव्हाच गाणं संपलं आणि त्यांचं वाक्य सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "ह्या तर मयताचा जेवान वाटतंय."

आमच्यात बिनमटणाची मोठी पंगत खरोखर तेव्हाच बसते. त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं हे लपवायला सगळ्यांनी एकदम पानात बघितलं. आई वाढता वाढता तिथेच थांबली, पळीतली डाळ जमिनीवर गळत होती. बाबांनी बाह्या वर सारल्या. मला भीती वाटली, की आता मारामारी होणार आणि कुणाचा तरी धक्का माझ्या पाणथरीला लागणार. म्हणून मी खुर्चीवर उभी राहिले. मला असं म्हणायला आवडलं असतं, की मी धाडसाने बोलले. खरं म्हणजे मला राग आला होता. माझ्यामुळे घर महिनोन् महिने उकडलेलं खात होतं आणि या माणसाला एक संध्याकाळ जमत नव्हती.

"मी अजून मेले नाय," मी ओरडले. "मी जगले तर माज्या हळदीला बोकड कापू. आता जेवा."

मग त्या गृहस्थांनी मान खाली घातली, बिरड्यात भात कालवला आणि घास घेतला. मग बाकीच्यांनी घेतला. कुणीतरी डीजेवाल्याला ओरडून सांगितलं, लाव रे काहीतरी. अख्ख्या पंगतीने बिरडं दोनदा मागून घेतलं. म्हणजे वाईट झालं नव्हतंच, पण गावाला तसं कबूल करायचं नसतं.

बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी त्या दिवशी लिंबूपाण्याशिवाय काही घेतलं नाही. पुढच्या तपासणीत त्यांचं लिव्हर साफ निघालं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं तेव्हा बाबांनी फोटो काढू का म्हणून विचारलं. ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघांना शेजारी-शेजारी स्ट्रेचरवर नेलं. दारापाशी बाबा मला म्हणाले, "बाय, तुकडा चांगला निवडून घे, कलेजीचा हाय." मी हसतच आत गेले. पुढचं मला आठवत नाही.

जगले, हे तुम्ही ओळखलंच असेल. सोपं नव्हतं. एकदा माझ्या शरीराने बाबांच्या तुकड्याला परका ठरवून बाहेर काढायचा प्रयत्न केला. मला त्यात नवल वाटलं नाही, तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझं बाबांशी तसंही पटत नव्हतं. रोजच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. पपनस खायचं नाही, ते गोळ्यांशी भांडतं. गर्दीत मास्क लावते. उरणच्या त्या मुलीचं वय मी दरवर्षी माझ्या वाढदिवसाला मोजते. ते आपोआप होतं.

येत्या महिन्यात माझी हळद आहे. होणाऱ्या नवऱ्याला माझ्या पोटावरची आडवी खूण माहीत आहे आणि बाबांच्या पोटावरचीही. तो म्हणतो, सासऱ्याचा एवढा मोठा वाटा घरात येतोय, तर मला जपून वागायला हवं. गावाला मी दिलेला शब्द आठवतो, मला वाटलं होतं विसरले असतील. मानाचे ते गृहस्थ आता थकले आहेत, पण त्यांनी निरोप पाठवला आहे, की बोकड बघायला ते स्वतः येणार.

परवा सगळे ओटीवर बसून जेवणाचं ठरवत होते. जवळ विमानतळ झाल्यापासून वरून विमान गेलं, की आमच्याकडे बोलणं थांबवावं लागतं. विमान गेलं आणि काका म्हणाले, "सगल्यांना मटान. माज्या पानात वालाचा बिरडा वाढा."

"का हो?" मी विचारलं. "तुम्ही तर मटणाचे एवढे शौकीन."

समोर आंगणात बाबा मांडवाची जागा पावलांनी मोजत होते, उगाचच, कारण मांडववाला अजून यायचा होता.

"माज्या हळदीला पान माज्यापुढं पन आलेला," काका म्हणाले. "पन त्याची चव मना कदी कललीच नाय. मी सगला टाइम तुज्याकं बगत व्हतो. मना वाटला, पोरीला हसताना बगायचा ह्या शेवटचाच."

आईने उठून आतून वाल आणले आणि भिजत घालायला किती लागतील ते काकीला विचारलं. हळदीला अजून महिना होता.